गाडीची निगा – लेखांक ६ : स्वर्ल घालवताना काय जातं?

हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून गाडी घरी आली की महिनाभर तिचं कौतुक संपत नाही. ज्या वर्षी राज्य सरकार मेळ्यातल्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट देतं, त्या वर्षी तर आजूबाजूच्या जिल्ह्यांतलेही लोक गाडी घ्यायला इथे येतात. पांढरी किंवा चंदेरी गाडी घेणारे पुढेही निवांत असतात. काळी, गडद निळी किंवा लाल घेणाऱ्यांना मात्र दिवाळीच्या सुमाराला धक्का बसतो. रात्री पेट्रोल भरायला थांबलं की पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर बारीक, गोलगोल रेघांचा घोळका दिसतो. दुपारी सावलीत तीच गाडी नव्यासारखी असते.

या रेघांना गाडीवाले स्वर्ल म्हणतात. गेल्या आठवड्यात आपण गाडी धुण्याची पद्धत पाहिली. ती पाळली तर नवे स्वर्ल फारसे पडत नाहीत. जे आधीच पडलेत ते मशीनने कसे काढतात, आणि ते सगळे काढावेत का, हा आजचा विषय.

रेघा गोल नसतातच

कपडा गोल फिरवला म्हणून रेघा गोल पडल्या, असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात पृष्ठभागावर आडव्या, उभ्या, तिरक्या अशा सगळ्या दिशांच्या असंख्य बारीक रेघा असतात. दिव्याचा प्रकाश ज्या रेघांवरून नेमका आपल्या डोळ्यांकडे वळतो तेवढ्याच चमकतात, बाकीच्या दिसत नाहीत. चमकणाऱ्या रेघा प्रकाशाच्या ठिपक्याभोवती मांडल्यासारख्या असतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. आपण दोन पावलं बाजूला सरकलो की वर्तुळंही आपल्याबरोबर सरकतात. त्यामुळे यापुढे कपडा सरळ रेषेत मारला तरी तो कोरडा आणि गाडी धुळीची असेल तर स्वर्ल पडणारच.

ही धूळ ग्वाल्हेरची आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिचा माथा वालुकाश्माचा. शहराच्या लष्कर भागातले जुने वाडे, त्यांच्या जाळ्या, फरश्या त्याच दगडाच्या. वालुकाश्म झिजला की उरतात क्वार्ट्झचे कण. मोहसच्या मापात क्वार्ट्झची कठीणता ७, साध्या पोलादी चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. गाडीचा वरचा थर तर निव्वळ प्लास्टिकच्या जातीचा, त्याहून कितीतरी मऊ. मे-जूनमध्ये लू सुटते, गाडीवर पिवळट थर बसतो, आणि सकाळी सात वाजता गाडी पुसणारा पोरगा झटकणीने तो झटकून एका बादलीत बुडवलेला कपडा मारतो. पुढे चार गाड्यांना तोच कपडा, तेच पाणी. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला कोणी दुसरी पद्धत दाखवलेली नसते.

महाराजांच्या रोल्सपासून क्लिअर कोटपर्यंत

हे शहर मोटारींच्या बाबतीत हौशी आहे ते फार पूर्वीपासून. १९०८ साली रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई–कोल्हापूर चाचणीत सह्याद्रीचे घाट पार करून जिंकली, आणि ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. १९०५ मध्ये व्यापार मेळा सुरू करणारेही तेच.

त्या काळच्या गाड्यांना घोडागाड्यांसारखाच रंग लागत असे. तेलात कालवलेला रंग आणि वर व्हार्निश, सगळं ब्रशने. प्रत्येक हात वाळायला काही दिवस, मग प्यूमिस दगडाच्या पुडीने पाण्यात घासून सपाट करायचं, पुन्हा पुढचा हात. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे जात. १९२० च्या दशकात अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचा फवारता येणारा ड्यूको रंग आला आणि वाळण्याचा काळ तासांवर आला. आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रंगाचा थर हाच सगळ्यात वरचा थर होता. म्हणून लग्नाआधी गाडीला 'रबिंग' करून आणली की गॅरेजवाल्याच्या कपड्यावर गाडीचाच रंग उतरलेला दिसे. रंग जातोय हे निदान डोळ्यांना कळत तरी होतं.

आजच्या गाडीत तसं कळत नाही. पत्र्यावर आधी गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा पातळ बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून बहुतेक नव्या गाड्यांवर ८० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०. माणसाचा केस सहसा याहून जाड असतो. स्वर्ल पडतात ते याच थरात, आणि पॉलिश करताना झिजतो तोही हाच. पारदर्शक असल्यामुळे पॅडवर रंग उतरत नाही आणि काही गेलं असं वाटतही नाही.

रेघ पुसली जात नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पॉलिशने रेघ बुजत नाही. फळीवरचा खड्डा घालवायला सुतार खड्ड्याच्या तळापर्यंत सगळी फळी रंधतो, तसंच इथेही होतं. रेघेच्या भोवतीचा क्लिअर कोट तिच्या तळापर्यंत खाली आणला की रेघ नाहीशी होते. म्हणजे रेघ जितकी खोल, तितका थर संपूर्ण भागावरून जाणार.

हलक्या पॉलिशने साधारण एक-दोन मायक्रॉन जातात. जाड कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, आणि कडक पॅड लावलं तर चार-पाच किंवा त्याहून जास्त. गेलेला थर परत येत नाही. याच थरात सूर्याची अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं असतात. थर फार पातळ झाला की काही वर्षांनी छत आणि बॉनेट पांढुरकं पडतं, मग पापुद्रे सुटतात, आणि त्यावर पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसतो. ग्वाल्हेरच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका जास्त.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जाडी मोजायची. पेंट थिकनेस गेज नावाचं छोटं यंत्र मिळतं; लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीने मोजतं, अ‍ॅल्युमिनियमवर चालणारी वेगळी मॉडेलं असतात, प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही. ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोटची वेगळी नाही. तरी आकडे बोलके असतात. सगळीकडे ११० आणि एका दारावर २५० आलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. कुठे हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. आणि छतावर १२० असताना बॉनेटवर ८५ आलं, तर तिथे आधीच कोणीतरी पॉलिश करून गेलं असण्याची शक्यता धरायची आणि हात आखडता घ्यायचा.

मशीन कोणतं

पॉलिशिंग मशीन मुख्यतः दोन जातींची. रोटरीमध्ये पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. झीज झपाट्याने होते आणि उष्णताही एका जागी साठते. कसलेल्या हातात रोटरी उत्तम. नवख्या हातात ती कडेचा रंग जाळते किंवा होलोग्राम सोडते, म्हणजे उन्हात वळणावळणाने हलणारे चकचकीत पट्टे. लग्नसराईत घाईने 'बफिंग' करून आणलेल्या काळ्या गाड्यांवर ते हमखास दिसतात.

दुसरी ड्युअल अ‍ॅक्शन, थोडक्यात डीए. हिचं पॅड फिरताना एका लहान वर्तुळातही सरकत राहतं. इटलीच्या रुपेस, जर्मनीच्या फ्लेक्स अशा कंपन्यांची मशीनं ८, १५, २१ मिलिमीटर अशा सरकण्याच्या मापांत येतात. सपाट बॉनेटला मोठं माप चांगलं, दाराच्या वळणांना लहान. बऱ्याच डीएमध्ये जास्त दाबलं किंवा पॅड तिरकं धरलं की फिरणं थांबतं, नुसतं थरथरणं उरतं. कामही थांबतं, पण नुकसानही सहसा टळतं. म्हणून शिकणाऱ्याने डीएच घ्यावी. मागच्या प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे.

पॅड लोकरीचं, मायक्रोफायबरचं किंवा फोमचं. फोमच्या रंगावर विसंबू नका, एका कंपनीचं नारिंगी पॅड कडक तर दुसरीचं मध्यम असू शकतं. पॉलिशमध्ये कापण्याचं काम बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण करतात.

कामाचा क्रम

गाडी नीट धुतल्यावर आधी आयर्न रिमूव्हर मारा. पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण विरघळताना जांभळा ओघळ दिसतो. मग भरपूर वंगणावर क्ले, म्हणजे उरलेले कण उचलणारा मऊ गोळा, हलक्या हाताने फिरवा. नंतर हात फिरवला की काचेवरून फिरल्यासारखं वाटलं पाहिजे. हे न करता पॅड फिरवलं तर तेच कण पॅडखाली सापडतात. पत्र्याच्या धारदार कडा, रबर आणि काळं प्लास्टिक टेपने झाका. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच सर्वात जोरात लागतं.

आता चाचणी. बॉनेटवर साधारण ४० सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिशने सुरुवात करा. पॅडवर चार-पाच थेंब पुरतात. कमी वेगावर ते पसरवा, मग वेग मध्यमाच्या वर न्या. हात मात्र सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत आडव्या, मग उभ्या अशा चार-सहा फेऱ्या. पॅड सपाट, दाब मशीनच्या वजनाहून थोडाच जास्त.

पॉलिश पुसल्यावर तिथेच समाधान मानू नका. त्यातलं तेल रेघांत बसून त्या लपवतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन स्वच्छ, मऊ मायक्रोफायबरने पुसा आणि प्रखर एलईडी टॉर्च तिरकी धरून पाहा. ऐंशी टक्के रेघा गेल्या असतील तर हीच जोडी पूर्ण गाडीला चालेल. नसतील तर आधी पॉलिश एक पायरी वाढवा, मग पॅड. एकदम जाड कंपाउंडवर उडी घेण्याचं कारण नाही. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा, आणि चार-सहा पॅड हाताशी ठेवा. तापलेलं, भिजलेलं पॅड काम कमी करतं आणि डाग जास्त सोडतं.

हवामानही बघा. मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर जातं तेव्हा पत्र्याला हात लावणं मुश्कील होतं. पॉलिश फिरवता फिरवता वाळून पीठ होतं. हे काम बंद गॅरेजमध्ये, ऑक्टोबर ते मार्चमध्ये करण्याचं.

कुठे थांबायचं

नखाला अडकणारी रेघ पॉलिशने काढू नका. ती फार खोल आहे. तिच्या मागे लागलात तर क्लिअर कोट संपेल, रेघ राहील. तिच्या कडा किंचित गोल झाल्या की ती कमी चमकते, तेवढं पुरे.

बाहेरून काम करून घेणार असाल तर तीन प्रश्न विचारा: जाडी मोजणार का, आधी एका चौकोनावर दाखवणार का, आणि शेवटी अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली दाखवणार का. लहान गाडीलाही एका पायरीचं मनापासून केलेलं काम एका माणसाचे सहा-आठ तास घेतं. तासाभरात चकचकीत करून देतो म्हणणारा बहुधा मेण आणि तेल भरून देतो; दोन-तीन धुण्यांत स्वर्ल परत दिसतात. त्याने थर कमी घासला, हा त्यातला एकमेव फायदा.

आणि महत्त्वाचं म्हणजे पॉलिश करायच्या आधी पुसण्याची सवय बदला. दोन बादल्या, चांगला शाम्पू, मायक्रोफायबरचे वेगवेगळे कपडे, कोरड्या झटकणीला कायमची सुट्टी, आणि गाडी पुसणाऱ्या पोराला हे सगळं एकदा शांतपणे समजावून सांगणं. यात जितका खर्च होतो त्यापेक्षा बरंच जास्त मशीनच्या एका फेरीत जातं. हे केलं तर चांगलं पॉलिश चार-पाच वर्षांतून एकदा, तेही हलकं, पुरतं. सवय तीच ठेवून दर दिवाळीला बफिंग करणाऱ्याची गाडी दर दिवाळीला चमकेल खरी, पण एका दिवाळीला तिच्यावर चमकण्याजोगा थरच राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात, लेखांक ७ : मेण, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग – कोण काय वाचवतं, आणि जाहिरातीत काय वाढवून सांगितलं जातं.