घरची तमिळ आणि शाळेचे क्रेडिट
आता आपण अमेरिकेतल्या एका तमिळ घरातली मुलगी डोळ्यांसमोर आणू. आजीशी ती तमिळमधून भांडतेसुद्धा. तिथल्या काही हायस्कुलांत परीक्षा देऊन घरच्या भाषेचे क्रेडिट मिळते. पण ऐकणे-बोलणे पुरत नाही, वाचणे-लिहिणेही हवे. खरी अडचण इथेच आहे बघा. 'आहे' याला ती घरी 'इरुक्कु' म्हणते, पुस्तकात छापलेले असते 'इरुक्किरदु'. बोलीची तमिळ वेगळी, ग्रंथाची वेगळी. फर्ग्युसन यांनी १९५९ साली मांडलेल्या 'डायग्लॉसिया'चा हा ठळक नमुना. मग आपण नेमके मोजतो काय? बोलण्याचे गुण स्वतंत्र धरावेत, असे आम्हाला वाटते. लिपी मागाहून शिकता येते. नाहीतर ती नापास होते, आणि आपल्याला तमिळ येतच नाही असे धरून चालते.