एक्सेलवाचून एक्सेलची फाइल

शाळेच्या कचेरीत निकालाचा तक्ता संगणकावर करताना तुम्ही पाहिले असेल. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची घरे दिसतात, एकेका घरात गुण भरले जातात आणि बेरीज मागितली की ती क्षणात हजर होते. अशा तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला ‘व्हिसिकॅल्क’ हा छोट्या संगणकांवरचा असा पहिला लोकप्रिय प्रोग्राम १९७९ साली आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘एक्सेल’ १९८५ सालचा.

आता एक प्रश्न. ज्या संगणकावर एक्सेल मुळीच नाही, त्यावर एक्सेलची फाइल तयार करता येईल का? तुम्ही म्हणाल, ‘छे! पेटी नसताना गाणे कसे वाजवणार?’ पण जरा थांबा. गाणे वाजवणे वेगळे आणि ते स्वरलिपीत लिहिणे वेगळे. स्वरलिपीचे नियम ज्याला ठाऊक आहेत, तो नुसत्या कागद-पेन्सिलीने गाणे लिहू शकतो. पेटी लागते ती वाजवणाऱ्याला! फाइलचेही तसेच आहे. फाइल म्हणजे ठरलेल्या नियमांनी मांडलेली आकड्यांची ओळ. ते नियम पाळणारा कोणताही प्रोग्राम ती लिहू शकतो.

हे नियम गुप्त नाहीत. एक्सेलची २००७ सालापासूनची फाइलरचना डिसेंबर २००६ मध्ये ‘एक्मा’ या संस्थेने मानक म्हणून प्रसिद्ध केली. २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

पिशवीतील पाकिटे

ही फाइल वरून एक दिसते, पण खरे म्हणजे ती एक ‘झिप’ पिशवी असते. झिपची रचना फिल कॅट्झ यांनी १९८९ साली आणली. अशा फाइलचे पहिले दोन आकडे बहुधा ८० आणि ७५ असतात. संगणकाच्या अक्षरलिपीत ते ‘पी’ आणि ‘के’, म्हणजे कॅट्झ यांची आद्याक्षरे!

पिशवीत निदान पाच छोटी पाकिटे लागतात. एकात आतील वस्तूंचे प्रकार लिहिलेले असतात. दोन पाकिटे कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे ते सांगतात. चौथ्यात तक्त्यांची नावे आणि पाचव्यात प्रत्यक्ष तक्ता. सारा मजकूर ‘एक्सएमएल’ या खुणांच्या पद्धतीने साध्या अक्षरांत लिहिलेला असतो: ही ओळ, हे घर, त्यातील संख्या ८२. असा मजकूर लिहून त्याची झिप करणे एवढेच प्रोग्रामचे काम. पायथन भाषेत ‘ओपनपायएक्सएल’ आणि जावा भाषेत ‘अपाची पीओआय’ ही तयार साधने हेच करतात.

दोन गमती ध्यानात घ्या. तारीख ही तारीख म्हणून साठवत नाहीत, तर दिवसांचा अनुक्रमांक म्हणून साठवतात. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानला, तर १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७३९४ येतो. तुम्ही मोजाल तर एक दिवस कमी भरेल, कारण १९०० हे लीप वर्ष नसूनही एक्सेल ते तसे धरते. जुन्या ‘लोटस १-२-३’ या प्रोग्रामची चूक मेळ राखण्यासाठी तशीच ठेवली गेली! दुसरी गंमत सूत्राची. आपला प्रोग्राम ‘या घरांची बेरीज’ एवढेच लिहून ठेवू शकतो. उत्तर निघते ते कोणी फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर. स्वरलिपीतले गाणे पेटीवरच ऐकू येते ना, तसे.

मग त्या संगणकावर एक्सेलच का बसवू नये? कारण एक्सेल समोर बसलेल्या माणसासाठी केलेले आहे. मध्येच ते ‘बदल जतन करू का?’ असे विचारते. रात्री दोन वाजता उत्तर देणारा कोणी नसेल, तर सारे काम तेथेच अडते. अशा निर्मनुष्य कामासाठी ते वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे.

नियम अर्धवट पाळले तर?

एक्सेलच्या जुन्या फाइलरचनेत एका तक्त्यात जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. ही संख्या म्हणजे २ चा १६ वा घात. नव्या रचनेत २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या तपासण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या याद्यांतून आपोआप जुन्या रचनेच्या फाइलींत भरले जात होते. बातम्यांनुसार एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. मर्यादा संपली आणि पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत आली नाही. त्यांच्या सहवासातील माणसांना सावध करण्यासही उशीर झाला. म्हणून फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामने शेवटी एक हिशेब करायलाच हवा: आल्या किती ओळी आणि लिहिल्या किती?

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने एक छोटा तक्ता जतन करा. त्याची प्रत काढून नावापुढचे ‘एक्सएलएसएक्स’ हे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि पिशवी उघडा. ‘एक्सएल’ या कप्प्यातील ‘वर्कशीट्स’मध्ये तक्ता सापडेल. तो नोटपॅडमध्ये उघडा. तुम्ही भरलेले गुण दिसतील, पण मुलांच्या नावांच्या जागी बहुधा नुसते क्रमांक असतील! नावे दुसऱ्या पाकिटात ठेवलेली असतात. असे का करत असतील? एकच नाव शंभर घरांत लिहा, फाइल पुन्हा जतन करा आणि ते पाकीट उघडून पाहा.