उंबरमाळीचा पाहुणचार

मुंबईच्या चाकरमान्यास कसारा हे नाव परिचयाचे असते, कारण लोकलगाडीचा प्रवास तेथे संपतो. परंतु खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी नावाचे जे लहानसे स्थानक लागते, तेथे उतरणारा मनुष्य बहुधा त्याच परिसरातला असतो, नाहीतर डोंगर धुंडाळणारा एखादा भटक्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग 1861 साली कसाऱ्यापर्यंत आला आणि 1865 साली थळघाट चढून इगतपुरीस गेला; तेव्हापासून हा मुलूख रात्रंदिवस परक्यांची ये-जा पाहत आला आहे, आणि तरीही रुळांपासून थोडे आत वळून, सागाच्या व ऐनाच्या झाडीतून एखाद्या पाड्यावर जाऊन पोहोचलेल्या अनोळखी मनुष्याची जी विचारपूस होते, तीत रहदारीच्या रस्त्यावरचा तुटकपणा लवमात्र आढळत नाही.

मी गेलो ते दिवस वैशाखाचे होते. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंतींचे घर, पुढे सारवलेली ओटी, आणि ओटीच्या कडेला पेरणीआधीच्या राबाची भाजणी उरकून परतलेला घरधनी पाय पसरून बसलेला. मी कोण, कुठला, कशासाठी आलो, हे विचारण्याच्या आधी आतून तांब्या आला. "बसा दादा, आधी पानी घ्या," असे म्हणून घरच्या मावशींनी तो माझ्यापुढे ठेवला, आणि मगच नाव, गाव, पोरेबाळे अशी चौकशी सुरू झाली.

त्या तांब्याचे मोल पाहुण्यास ठाऊक असले पाहिजे. तानसेचे धरण 1892 साली पुरे झाले, पुढे भातसेचे झाले, आणि या शहापूर तालुक्यातील पाण्यावर मुंबईची तहान भागू लागली; परंतु त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र सरता सरता विहिरींचे तळ दिसू लागतात, सरकारी टँकरची वाट पाहावी लागते, आणि दिवस उजाडण्याच्या आत बायका हंड्यावर हंडा ठेवून पाऊलवाटेला लागलेल्या असतात. या अन्यायाची दाद कोणत्या दफ्तरात लागावयाची ती लागो. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, आतिथ्य म्हणून ज्याचा आपण गौरव करतो ते मुळात कष्टाचे काम आहे, त्यातला बराचसा भाग पाहुणा येण्यापूर्वीच कोणीतरी आपल्या डोक्यावरून वाहून आणलेला असतो, आणि तो वाहणारी बहुधा स्त्री असते.

चहा कोरा होता, गूळ घातलेला. तो संपेपर्यंत आत चूल पेटली होती, आणि जेवल्यावाचून उठावयाचे नाही हे मला न विचारताच ठरून गेले होते. मी उंबऱ्यापाशी जाऊन बसलो व भाकरीचे काम पाहू लागलो. मीठ घातलेल्या पाण्याला आधण येताच मावशींनी त्यात तांदळाचे पीठ सोडले, उलथण्याच्या टोकाने एकवार ढवळले आणि झाकण घालून विस्तव मागे ओढला. उकड निवते न निवते तोच ती लाकडी काठवटीत उपसून, बोटे वारंवार पाण्यात बुडवीत, तळहाताच्या मुळाने त्या ती रेटून रेटून मळू लागल्या. चटका बसत होता हे त्यांच्या बोटांच्या चपळाईवरून कळत होते, चेहऱ्यावरून मात्र नव्हे. मग गोळा, खाली पिठीची चिमूट, आणि थापणे. भाकरी फिरते ती हाताने फिरविल्यासारखी दिसत नाही. प्रत्येक थापेसरशी ती आपणहून किंचित सरकते आणि कड सर्व बाजूंनी सारखी पातळ होत जाते. तव्यावर पडताच तिच्या पाठीवरून पाण्याचा हात फिरला पाहिजे, आणि तोही पीठ सुकण्याच्या आत, कारण क्षणभर उशीर झाला तर भेगा पडतात व भाकरी फुगत नाही. ती उलटली, मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली, आणि बघता बघता तिचा पापुद्रा असा सुटला की मी नकळत पुढे वाकलो. "ही तुमची," मावशी म्हणाल्या. उडदाचे वरण, सुकट आणि मिरचीचा ठेचा यांसह ती पहिली भाकरी माझ्या ताटात आली. घरातली माणसे मागाहून जेवली.

पाहुण्याच्या पुढ्यात धान्याचा पहिला घास ठेवण्याची ही रीत दूरदूरच्या मुलखांतही आहे. 1966 च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींसमवेत यशवंतराव चव्हाण ज्या ताश्कंदास गेले होते, ते शहर ज्या देशात आहे त्या उझबेकिस्तानात घरी आलेल्या मनुष्यापुढे आधी रोटी येते: तंदूरच्या तापलेल्या भिंतीस चिकटवून भाजलेली, मधोमध टोचणीच्या ठशाने नक्षी उठविलेली. ती यजमान सुरीने न कापता हाताने मोडून वाटतो, आणि उपडी ठेवणे हा अन्नाचा अपमान समजला जातो. चहाचीही तेथे शिस्त आहे. किटलीतला चहा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत, असा तीन वेळा परत फिरवितात व मगच पाहुण्यास देतात, आणि प्याला काठोकाठ भरीत नाहीत. थोडा थोडा ओतला म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येते आणि पाहुणा लवकर उठू नये ही इच्छा न बोलता कळते. वसंतातल्या नवरोजाच्या सणाला अंकुरलेल्या गव्हाचा सुमालक कढईत रात्रभर शिजतो, आणि तो करपू नये म्हणून शेजारपाजारच्या बायका पाळीपाळीने ढवळीत जागतात. समरकंदाच्या घुमटांची व निळ्या कौलांची वर्णने आपण आवडीने वाचतो. मला मात्र त्या कढईभोवतीच्या जागरणाची हकीकत अधिक मोलाची वाटते, कारण कोणत्याही देशाची रीतभात वास्तूंमध्ये जितकी नांदते त्याहून अधिक ती अशा हातांत नांदत असते.

जेवणाचे पैसे देऊ करणे म्हणजे त्या घराला खाणावळीच्या रांगेत बसविणे होय, हे जाणून मी खिशाकडे हात नेला नाही; सोबत आणलेली चहापूड व साखर मात्र मावशींनी निःसंकोच ठेवून घेतली आणि उलट पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे भरून दिली. घरधनी स्थानकाच्या वाटेपर्यंत आले. वरकस माळावरचा भाजलेला राब, खाली पावसाची वाट पाहणारी भाताची खाचरे, कोणता तुकडा आपल्या खात्यावर आणि कोणता अजून वनखात्याच्या नावावर, हे सर्व त्यांनी चालता चालता दाखविले. निरोप घेताना मी पुन्हा येईन म्हणालो, तेव्हा त्यांनी औपचारिक मान डोलावली नाही, तर लगेच भातलावणीची वेळ सांगितली. "आवनीला या," ते म्हणाले, "चिखलात उतराया मानसं कमी पडतात."