शाळेतील नोकरी : आधी पात्रता, मग शिफारसपत्र

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील ख्रिस्ती शाळांत जागा निघाल्या की अनेक धर्मग्रामवासी शिफारसपत्रासाठी धर्मगुरूंकडे येतात. राज्यघटनेच्या कलम ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क आहे. मात्र शिक्षकांची पात्रता शासन ठरवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केले.

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागते, तेथे केवळ बी.एड. पुरेसे नाही, असा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लागला. सहावीपासून पदवीसह बी.एड. चालते. अल्पसंख्याक शाळांना टीईटी सक्तीची असावी काय, हा प्रश्न सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविण्याचे सुचविले. तेव्हा ती परीक्षा उत्तीर्ण होणेच हिताचे.

कारखान्यात रात्रपाळी करून लेकीला शिकविणाऱ्या पालकांनी हे अभ्यासक्रम निवडतानाच पाहावे. नंतर धर्मगुरूंचे पत्र ही उणीव भरून काढू शकत नाही.