आकडा सरांकडे, बार तिच्याकडे

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खेळाडूला नऊ संधी मिळतात. तीन स्क्वॉटच्या, तीन बेंच प्रेसच्या, तीन डेडलिफ्टच्या. प्रत्येक प्रकारातली सगळ्यात जड यशस्वी लिफ्ट धरायची, तिन्हींची बेरीज करायची, तीच 'टोटल'. एक लिफ्ट काही सेकंदांत संपते. उरलेले तास खेळाडू बसून काढतो आणि प्रशिक्षक उभा राहून. बारवर किती वजन चढवायचं, हा निर्णय नऊही वेळा बहुतेक प्रशिक्षकच घेतो, आणि त्याच निर्णयांवर अनेकदा पदकांचा क्रम ठरतो.

राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेतला महिलांचा ५७ किलो वजनगट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका व्यायामशाळेची कॉलेजकन्या तिच्या सरांबरोबर सकाळी लवकर हॉलवर पोहोचलेली. नियमाप्रमाणे वजन घेणं गटाची स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी सुरू होतं आणि दीड तास चालतं. आदल्या रात्रीपासून तिने बेतानेच खाल्लं होतं. काटा ५६.४ वर थांबला तेव्हा सरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्या हातात केळी आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली दिली. कुस्तीत २०२४ साली पॅरिसला विनेश फोगटची अंतिम लढत शंभर ग्रॅमनी हुकली, हे इथे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक आहे. सरांनी मात्र काट्यावरचा आकडा आणखी एका कारणासाठी डायरीत लिहून घेतला. दोघींची टोटल सारखी झाली, तर जिचं शरीराचं वजन कमी ती वरच्या क्रमांकावर जाते. तिची मुख्य प्रतिस्पर्धी ५६.९ भरली होती.

वजनाच्या वेळीच तिन्ही प्रकारांचे ओपनर, म्हणजे पहिल्या अटेम्प्टचे आकडे द्यावे लागतात. ओपनर जड ठेवण्याचा मोह नवख्यांना होतो. सरांचा नियम सरळ आहे: वाईटात वाईट दिवशी, झोप झालेली नसतानाही जे वजन निघेल, ते ओपनर. एका प्रकारातल्या तिन्ही लिफ्ट फसल्या की टोटल मिळत नाही. मग बाकीच्या दोन प्रकारांत कितीही उचललं तरी उपयोग नाही. शिवाय एकदा मागितलेलं वजन पुढच्या अटेम्प्टला कमी करता येत नाही. म्हणून पहिली लिफ्ट नाव पक्कं करण्यासाठी, दुसरी टोटल उभी करण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पॅरा पॉवरलिफ्टिंगचं सुवर्ण जिंकणाऱ्या सुधीरचे आकडे असेच होते. तिथे फक्त बेंच प्रेस असतो. त्याने २०८ किलो उचलले, मग २१२. तिसरी, २१७ ची, लिफ्ट फसली, तरी सुवर्ण आधीच हातात होतं.

वॉर्मअपच्या जागेत एका रॅकवर चार-पाच जणी. सर घड्याळापेक्षा यादीकडे जास्त बघतात. एका लिफ्टला साधारण एक मिनिट लागतं, म्हणजे तिच्या आधी किती जणी आहेत ते मोजलं की वेळ कळते. रिकामा बार, मग ६०, ८०, ९५ आणि शेवटी १०५. ही शेवटची लिफ्ट फार आधी झाली तर अंग गार पडतं, उशिरा झाली तर दम भरलेला राहतो. "सर, ९५ जड लागलं," ती म्हणाली. "वॉर्मअप जडच लागतो गं. बूट घट्ट बांध," एवढंच उत्तर मिळालं. त्याच वेळी ओपनर बदलायचा का, हे सर मनात तपासत होते. फेरी सुरू होण्याच्या तीन मिनिटं आधीपर्यंत तो एकदा बदलता येतो. त्यांनी बदलला नाही.

स्क्वॉटची पहिली, ११५ ची लिफ्ट सहज निघाली. तीन रेफ्री, तीन पांढरे दिवे. आता पुढचं वजन सांगायला एक मिनिट. चिठ्ठी वेळेत टेबलावर पोहोचली नाही, तर यशस्वी लिफ्टनंतर आपोआप अडीच किलो वाढतात आणि फसलेल्या लिफ्टनंतर तेच वजन राहतं. सरांनी १२२.५ लिहिलं.

या लिफ्टला ती उठली, पण दोन लाल दिवे लागले आणि रेफ्रींनी लाल कार्डं दाखवली: खोली कमी. कमरेच्या सांध्यापाशी मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या माथ्याच्या खाली गेली पाहिजे, ती गेली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिसऱ्या अटेम्प्टला १२७.५ चा बेत होता. सरांनी तो सोडला आणि पुन्हा १२२.५ दिलं. "ताकद आहे, उठलीसच की तू. फक्त आणखी एक इंच बस. बाकीचं मी बघतो." तिने तो इंच दिला आणि तिन्ही दिवे पांढरे लागले.

बेंचवर ५७.५ आणि ६० निघाले, ६२.५ अर्ध्यात अडकलं. इथे सरांचं काम एकच होतं, तिला रेफ्रींच्या आज्ञांची आठवण करून देत राहणं. बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय 'प्रेस' ऐकू येत नाही, आणि घाईत ती आज्ञा चुकवून फुकट घालवलेल्या लिफ्ट त्यांनी भरपूर पाहिल्या आहेत.

डेडलिफ्टला खरी बेरीज-वजाबाकी सुरू होते. दोन फेऱ्यांनंतर तिची टोटल ३२०, प्रतिस्पर्धीची ३२२.५. तिसऱ्या अटेम्प्टला समोरून १५० मागितलेले, म्हणजे ३२५. हिने १४२.५ उचलले तरी ३२५ होतात आणि कमी वजनामुळे ही पुढे जाते. सरांनी आधी तेच लिहिलं. पण डेडलिफ्टच्या तिसऱ्या अटेम्प्टला वजन दोनदा बदलता येतं आणि हलकं वजन आधी उचललं जातं. ही उचलून गेली की समोरचे प्रशिक्षक १५२.५ करणार, हे उघड होतं. तिची पाळी जवळ येताच सर टेबलाकडे गेले आणि १४५ केलं. आता समोरच्या मुलीला जिंकायला १५५ हवे होते, दुसऱ्या लिफ्टपेक्षा साडेसात किलो जास्त.

बारवर दोन्ही बाजूंना दोन लाल आणि एक हिरवी प्लेट. सरांनी प्लेटा स्वतः मोजल्या. सरावात ती कधी १४० च्या पुढे गेली नव्हती. आदल्या लिफ्टमधला बारचा वेग बघून सरांनी ही उडी धरली होती. बार गुडघ्यांपाशी रेंगाळला, मग वर आला. 'डाउन' ऐकू येईपर्यंत तिने तो धरून ठेवला. तीन पांढरे दिवे. टोटल ३२७.५.

समोरून १५५ आले, आणि त्या मुलीने ते उचलले. ३३०. हिला रौप्य.

ही त्या मुलीला मिठी मारून आली. सरांनी डायरीतल्या नऊ ओळी पुन्हा वाचल्या आणि दुसऱ्या स्क्वॉटच्या ओळीखाली रेघ मारली. ती लिफ्ट धरली गेली असती, तर तिसरी १२७.५ ची घेता आली असती, आणि ती निघाली असती तर टोटल ३३२.५ झाली असती. त्यांनी पुढच्या सहा आठवड्यांसाठी खाली थांबून करायचे स्क्वॉट लिहिले, तिला तो ३३२.५ चा आकडा दाखवला, आणि ६९ किलो गटातल्या त्यांच्या दुसऱ्या मुलीचं वजन व्हायचं होतं म्हणून तिचं ओळखपत्र शोधायला निघाले.