ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र
प्लेटोच्या अकादमीत सुमारे २० वर्षे काढलेल्या ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) युक्तिवादाचा आकार त्याच्या आशयापासून वेगळा काढून तपासला, हे त्याचे असामान्य कार्य होय. सर्व माणसे मर्त्य आहेत आणि सर्व ग्रीक माणसे आहेत, ही दोन विधाने मान्य केली की सर्व ग्रीक मर्त्य आहेत हे तिसरे विधान टाळता येत नाही. अशा युक्तिवादाला संविधान म्हणतात, आणि त्याची युक्तता विषयावर नव्हे, तर विधानांच्या रचनेवर अवलंबून असते. बोएथियसची लॅटिन भाषांतरे आणि कोर्दोबाच्या इब्न रुश्दची अरबी भाष्ये यांच्या आधारे हा विचार मध्ययुगीन विद्यापीठांत रुजला, आणि फ्रेगेने १८७९ मध्ये तर्कशास्त्राची नवी चिन्हभाषा मांडली तोवर त्याचे वर्चस्व बहुतांशी टिकून होते.