खोगीर छत कसे तोलते?

गोंदियात धानावर ताडपत्री सपाट ताणली की मधे पाणी साचते आणि वारा तिला फडफडवतो. समोरासमोरची दोन टोके वर आणि उरलेली दोन खाली ओढा, ती ताठ बसते. खोगीर छताचे तत्त्व हेच. एका कर्णावर वक्र खाली झोळतो, दुसऱ्यावर कमानीसारखा वर उठतो. कापडात झोळ वजन पेलतो, तर कमान वाऱ्याची उचल रोखून धरते. काँक्रीटमध्ये कमानीच्या दिशेला दाब येतो, झोळाच्या दिशेला ताण, म्हणून तिथे सळई लागते.

गणितात हा आकार म्हणजे हायपर्बोलिक पॅराबोलॉइड. गंमत अशी, की हा वक्र पृष्ठभाग सरळ रेषांनीच विणता येतो, म्हणजे सेंटरिंगला सरळ फळ्या पुरतात. फेलिक्स कांडेला यांनी मेक्सिकोत सोचिमिल्को येथे 1958 मध्ये उभारलेल्या रेस्टॉरंटचे कवच जेमतेम 4 सेंटिमीटर जाड आहे! नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचे कमरेत बारीक कूलिंग टॉवर याच आकाराचे भाऊबंद.

मग अशी छते सर्रास का दिसत नाहीत? काँक्रीटमध्ये कडांवर येणारा जोर खालच्या कोपऱ्यांना बाहेर ढकलतो. ते पक्के बांधावे लागतात. शिवाय सेंटरिंगची मजुरी. पत्रा स्वस्त पडतो.